बोट घेताय? मग इंजिन बंद पडल्यानंतरचाही हिशोब करा

बोट घेऊ का, असं कोणी विचारलं की पुढचा प्रश्न किमतीचाच असतो. सेकंडहँड आहे, स्वस्तात मिळतेय, इंजिन चालू आहे, ट्रेलरही सोबत देतोय, मग अडचण काय? माझ्या मते अडचण अशी की नदीत बोट चालवायची असेल तर खर्च आणि धोका या दोन वेगळ्या गोष्टी उरत नाहीत. जिथे हात आखडता घ्याल, तिथेच नदी गाठते.

तलावात इंजिन बंद पडलं तर फार तर दिवस वाया जातो. कोणीतरी येऊन ओढून नेतं. नदीत मात्र इंजिन बंद पडलं तरी बोट पुढे जातच राहते, ताबा तेवढा सुटलेला असतो. खाली पुलाचा खांब असो, आडवं पडलेलं झाड असो की बंधारा, धार तिला तिकडेच नेते. त्यात पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. खांबाला आडवी अडकलेली बोट चार माणसांनाही का हलत नाही, ते यावरून कळेल.

आता इंजिन बंद का पडतं ते बघा. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनात, ते थंड ठेवायला पाणी खेचणाऱ्या पंपात रबराचं एक छोटं पात्यांचं चाक असतं, इम्पेलर. तळहातावर मावेल एवढं. नदीचं गढूळ पाणी, त्यातली बारीक वाळू याच चाकातून जाते आणि पाती झिजतात. जुनं इम्पेलर काढून पाहिलंत तर पाती एकाच बाजूला वाकून कडक झालेली दिसतील, मुळाशी बारीक चिरा दिसतील. एखादं पातं तुटलं की इंजिनाला पाणी कमी पडतं आणि ते तापून बंद पडतं. पूर्ण बोटीच्या मानाने हा भाग अगदीच स्वस्त. तरी 'चालतंय ना, मग कशाला' म्हणून वर्षानुवर्षं तसाच ठेवला जातो. मला सर्वांत जास्त चीड याचीच येते.

बाकीचा खर्च थोडक्यात सांगतो. विमा, ठेवायची जागा, ट्रेलरची बेअरिंग, बॅटरी, गिअरचं तेल, दगडावर आपटून वाकलेला पंखा. बोटीच्या किमतीच्या साधारण दहा टक्के रक्कम दरवर्षी देखभालीला बाजूला काढा, असं बोटवाले सांगतात. जुन्या बोटीला त्याहून जास्तच लागते, हे मी स्वतः पाहिलंय.

बंधाऱ्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. कमी उंचीचा बंधारा वरच्या बाजूने येणाऱ्याला दिसतच नाही. पाणी अगदी संथ असतं आणि पुढे एक सरळ आडवी रेघ दिसते, बस. धोका असतो त्या रेघेच्या पलीकडे. खाली पडलेलं पाणी गोल फिरून परत भिंतीकडे येतं आणि त्यात सापडलेला माणूस पुन्हा पुन्हा खाली ओढला जातो. त्या फेसाळ पाण्यात हवा इतकी मिसळलेली असते की लाइफ जॅकेटही नीट तरंगवत नाही. खालच्या बाजूने वाचवायला आलेली बोटसुद्धा भिंतीकडे खेचली जाते. म्हणून नव्या पट्ट्यात बोट घालण्याआधी नकाशा बघा, काठावरच्या माणसांना विचारा, वर धरण असेल तर पाणी कधी सोडतात ते माहीत करून घ्या.

नांगराचंही तसंच. मासे धरायला सोयीचं म्हणून वाहत्या पाण्यात बोटीच्या मागच्या बाजूने नांगर टाकणारे लोक दिसतात. इंजिनाच्या वजनाने तीच बाजू आधी खाली बसलेली असते, वरून धार दोर ताणते आणि काही सेकंदांत पाणी आत येतं. नांगर कायम पुढच्या टोकावरून टाका, दोर खोलीच्या पाच ते सात पट सोडा आणि वेळ आली तर तो कापायला सुरी हाताशी ठेवा.

"मला पोहता येतं" हे वाक्य तर कृपा करून बोलू नका. गार पाण्यात अचानक पडलं की पहिला श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो. तोंड त्या वेळी पाण्याखाली असेल तर पोहण्याची वेळच येत नाही. पुढच्या काही मिनिटांत हातपाय चालेनासे होतात, पट्टीच्या पोहणाऱ्याचेही. अमेरिकेच्या कोस्ट गार्डचे आकडे वर्षानुवर्षं जवळपास सारखेच आहेत: मृत्यूचं कारण समजलेल्या बोट-अपघातांत सुमारे तीन चतुर्थांश माणसं बुडून गेली, आणि बुडालेल्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त जणांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. कितीतरी बोटींत जॅकेट होतं, पण बाकाखाली. बोट उलटल्यावर ते शोधून घालता येत नाही. म्हणून बोटीत पाय ठेवायच्या आधी, काठावरच घाला.

आणि मुलांचं जॅकेट वाढत्या अंगाचं घेऊ नका. कपडे घ्या हवं तर, हे नको. मुलाच्या वजनाप्रमाणे निवडा, सगळे पट्टे बांधा, मग खांद्याला धरून वर उचलून बघा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे, पाण्यात मूल त्यातून निसटेल. लहानग्यांना मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलंच घ्या. पुढच्या वर्षी लहान झालं तर दुसरं घ्यायचं आणि चांगल्या स्थितीतलं जुनं ओळखीतल्या लहान मुलाला द्यायचं.