व्हॅलेंटाईन, वकील आणि छत्री

"हा सण ख्रिस्ती लोकांचा. चर्चने लादलाय आपल्यावर," वकील बसता बसताच कडाडले.

"लादला कुठे? १९६९ साली रोमच्या चर्चनेच संत व्हॅलेंटाईनचा दिवस आपल्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून काढला," सिस्टर म्हणाल्या. निवृत्त नर्स आहेत, एक रविवार चर्च चुकवत नाहीत. "१४ फेब्रुवारीला आता सिरिल आणि मेथोडियस या भावांचं स्मरण करतात."

"म्हणजे व्हॅलेंटाईन खोटा! लिहून घ्या!"

"खोटा नाही हो. रोममध्ये हुतात्मा झाला, फ्लामिनिया रस्त्यालगत पुरला, इतकं धरून चालतात. सैनिकांची चोरून लग्नं लावली वगैरे सगळं नंतरचं."

बंड्याचं तोंड उतरलं. ती गोष्ट सांगूनच त्याने घरी लग्नाचा विषय काढला होता. "मग प्रेम आलं कुठून यात?"

"चौदाव्या शतकात चॉसर नावाच्या इंग्रज कवीने कवितेत त्या दिवशी पाखरांच्या जोड्या जमवल्या. तिथून."

"म्हणजे ख्रिस्ती प्रेमाचा काडीचा संबंध नाही!" वकिलांनी मांडीवर थाप मारली. मिनिटापूर्वी नेमकं उलटं बोलत होते.

सिस्टरांनी थोडा वेळ जाऊ दिला. "'प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे,' हे बायबलमधलं आमच्या लग्नात वाचतात ना? येशूचा प्रेषित पौल, त्याने ते नवरा-नवरीसाठी नाही लिहिलं. इसवी सन ५५च्या सुमारास ग्रीसमधल्या करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात लिहिलं. तिथे तट पडलेले. प्रभुभोजनाला एक उपाशी, तर दुसरा पिऊन तर्र. भाऊ भावाला कोर्टात खेचायचा."

"बंड्या, विचार, तिथे वकिलांची चांदी असेल नाही?" मास्तर म्हणाले. मास्तर आणि वकील छत्रीच्या प्रकरणापासून एकमेकांशी सरळ बोलत नाहीत.

"बंड्या, सांग त्यांना, माझी छत्री हरवणाऱ्याने प्रेमावर बोलू नये!"

सिस्टर थांबल्या नाहीत. "रात्रपाळीला एक पेशंट होता. रोज आईबहिणीवरून शिव्या. मला तो शेवटपर्यंत आवडला नाही. पण जखमेला चिकटलेली पट्टी ओढून काढायची नाही. सलाईनने भिजवायची, मग एका कडेने सोडवायची. तेव्हा त्या पत्रातला हा प्रीतीचा तेरावा अध्याय मनात म्हणायचे. आवडणाऱ्यावर प्रेम करायला पौलाचं पत्र कशाला लागतंय?"

मला हे मनापासून पटलं. गुलाब देण्याला माझी ना नाही, बंड्याने खुशाल द्यावा. पण ज्याचं तोंड बघवत नाही त्याचं भलं करत राहायचं, ही मागणी फार मोठी आहे, आणि येशूच्या शिकवणीत ती ऐच्छिक नाही. शत्रूवर प्रीती करा, असं तो सरळ सांगतो.

"त्याच अध्यायात पुढे आहे, 'अपकार स्मरत नाही,'" सिस्टर वकिलांकडे बघत म्हणाल्या.

"कोण स्मरतंय?" वकील उसळले. "लाकडी मुठीची होती, काळी, आतून निळी, एक काडी वाकलेली, आणि बटण जरा जोरात दाबावं लागायचं!"

मास्तर आधी हसले. मग बंड्या. शेवटी वकीलच इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि पाठीवर थापट्या मारायला मास्तरांनाच उठावं लागलं.