साप ओळखणारीलाच बाहेर काढलंत?

सकाळपासून डोकं फिरलंय. आमच्या सापांच्या ऑनलाइन ग्रुपवरच्या मॉडरेटर ताईंचं, म्हणजे पोस्ट-कमेंटवर लक्ष ठेवणाऱ्या ताईंचं, अकाउंट ब्लॉक झालंय. का, तर घोणस चावलेल्या पायाचा फोटो टाकून त्या सांगत होत्या की दोरी आवळू नका, ब्लेडने चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे तर जाऊच नका. पोस्ट आपोआप तपासणाऱ्या मशीनच्या फिल्टरला दिसला नुसता सुजून काळा पडलेला पाय. म्हणे हिंसक मजकूर!

गेल्या पावसाळ्यात आत्याकडे अंथरुणाशेजारी पट्ट्यापट्ट्यांचा साप निघाला, रात्रीचे दोन वाजलेले, सगळे मण्यार मण्यार करत काठ्या घेऊन उभे. भावाने ग्रुपवर फोटो टाकला. ह्या ताई जाग्या होत्या, त्यांनी लगेच लिहिलं: पट्टे मानेकडे ठळक आहेत आणि शेपटीकडे विरत गेलेत, मण्यारचं याच्या उलट असतं, हा कवड्या आहे, बिनविषारी, तरी हात लावू नका आणि मारूही नका.

तेवढ्यात खाली एकाने लिहिलं होतं, 'धामणीचं पिल्लू आहे, हाताने उचला.' ताईंनी ते लगेच उडवलं. फिल्टरने ते तसंच ठेवलं असतं, कारण त्यात शिवी नाही, रक्त नाही, काहीच नाही. आत्याकडे त्या रात्री खरंच मण्यार असती तर? जीव घेणारी कमेंट अशीच साध्या भाषेत येते, ती ओळखायला साप कळणारं माणूस लागतं. 2000 ते 2019 मध्ये देशात साधारण 12 लाख लोक सर्पदंशाने गेले असा अंदाज आहे हो!

फिल्टर नसता तर लोन ॲप आणि घाणेरड्या लिंकांनी ग्रुप कधीच बुडाला असता, मान्य. काही मॉडरेटर दादागिरी करतात, तेही मान्य. पण रेडिट या चर्चेच्या साइटवरचा ऑटोमॉडरेटर, म्हणजे नको त्या पोस्ट आपोआप काढणारा प्रोग्राम, मुळात एका फुकट राबणाऱ्या मॉडरेटरनेच लिहिला होता, आणि तिथे नियम त्या त्या ग्रुपचे मॉडरेटर ठरवतात. असं हत्यार ताईंच्या हातात द्या ना, त्यांच्यावरच काय चालवता?

ताईंना याचा एक रुपया मिळत नाही. घरचं सगळं आवरून त्या रात्री फोन घेऊन बसतात. आत्या अजून विचारते, त्या सापवाल्या बाई कशा आहेत. आज तिला काय सांगू?

अपील केलंय, उत्तर मशीनचंच आलं. जे ग्रुपमध्ये आहेत त्यांनी आजच रिव्ह्यूची रिक्वेस्ट टाका. आणि तोवर कुणाला साप चावलाच तर फोटो टाकून उत्तराची वाट बघत बसू नका, 108 लावा नाहीतर मिळेल त्या गाडीने सरळ सरकारी दवाखाना गाठा.