‘शेड तर आधीपासूनच उभी आहे’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही नाव दिलेलं नाही, त्यामुळे नुसता नमस्कारच.

इंग्लंडमध्ये परसातल्या आउटबिल्डिंगचे (शेड, गॅरेज) भाड्याचे फ्लॅट करण्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही बरंच सुनावलंत. रात्री वाचलं तेव्हा राग आला, सकाळी तेवढा उरला नव्हता. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शेड आधीपासूनच उभी आहे, मग कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, प्लॅनिंग परमिशन कसली? चार वर्षं गप्प राहिलं की कौन्सिलला काही करता येत नाही, तुमच्या मेहुण्यांना वापर कायदेशीर ठरवणारं सर्टिफिकेट मिळालंय. या देशात नव्याने आलेल्या मुलांची सोय होते ती वेगळीच. आणि माझ्यासारखे लोक घाबरवून आर्किटेक्टची दुकानं चालवतात.

दुकानांपासून सुरुवात करतो, कारण तिथे मी स्वतः पोळलोय. आमच्या घरामागे दोन गाड्यांचं विटांचं गॅरेज आहे. त्याचा एका माणसापुरता फ्लॅट करायचा ठरवला आणि एकाला नकाशे काढायला दिले. त्याने छातीठोकपणे 38 चौरस मीटर सांगितलं. भिंतींच्या बाहेरून मोजून! इन्सुलेशन लावल्यावर आतून भरत होतं जेमतेम 31. शॉवर असलेल्या, एका माणसाच्या फ्लॅटला राष्ट्रीय मानक 37 चौरस मीटरचं आहे आणि आमच्या कौन्सिलने ते आपल्या लोकल प्लॅनमध्ये, म्हणजे स्थानिक बांधकाम धोरणात, घेतलेलं आहे. अर्ज नामंजूर. दुसरं कारण खिडकीचं होतं. नकार आल्यावर मी चिडून आत खुर्ची टाकून बसलो आणि त्या एकुलत्या एक खिडकीतून बाहेर पाहिलं. शेजाऱ्याच्या कुंपणाच्या फळ्या मोजता येत होत्या. बावीस. आभाळ बघायला मान वाकडी करावी लागत होती. अधिकाऱ्यावरचा राग तिथेच निम्मा झाला, नकाशेवाल्यावरचा अजून आहे.

आता ‘शेड उभीच आहे’ हा मुद्दा. इंग्लंडमध्ये परवानगी फक्त बांधकामाला लागत नाही, वापर बदलण्यालाही लागते. बागेत एकमजली शेड बऱ्याचदा अर्ज न करता बांधता येते. हद्दीपासून दोन मीटरच्या आत असेल तर उंची अडीच मीटरपर्यंत, बागेचा निम्म्याहून जास्त भाग झाकायचा नाही, वगैरे. पण ही सवलत घराच्या जोडीने होणाऱ्या वापरासाठी आहे: सायकली, व्यायाम, ऑफिसचं टेबल. तिथे स्वतंत्र स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि भाडेकरू आला की कायद्याच्या नजरेत ते नवं घर झालं. भिंती आजोबांच्या काळातल्या असल्या तरी. आईवडील मागच्या खोलीत राहतात आणि जेवण-उठबस एकत्र आहे, ही गोष्ट निराळी. ते एकाच घराचा भाग धरले जाऊ शकतात. (शेतावरच्या कोठारांची घरं करायला ‘क्लास क्यू’ नावाच्या नियमाची वेगळी वाट आहे, 2024 पासून दहा घरांपर्यंत. पण शहरातल्या गॅरेजला तिचा उपयोग नाही.)

चार वर्षांच्या बाबतीत मात्र माझी चूक मान्य. मी लेखात सरळ ‘आता दहा वर्षं’ असं ठोकून दिलं, ते अर्धवट होतं. 25 एप्रिल 2024 पासून इंग्लंडमध्ये कौन्सिलने कारवाई करण्याची मुदत दहा वर्षांची झाली, पण शेडचं घर त्या तारखेच्या आधीच झालं असेल तर जुनी चार वर्षंच लागू होतात. वेल्समध्ये चार वर्षांचा नियम तसाच आहे. तुमच्या मेहुण्यांना सर्टिफिकेट मिळालं असेल ते याच हिशोबाने.

पण ‘गप्प राहिलं की’ यातलं गप्प राहणं आणि लपवणं यांत फरक आहे. वेल्विन हॅटफील्ड कौन्सिलचा खटला पाहा. एकाने 2001 साली गवताच्या कोठाराची परवानगी काढली. बाहेरून कोठार, आतून अख्खं घर. 2002 मध्ये बायकोसह राहायला गेला, चार वर्षं भरल्यावर सर्टिफिकेट मागायला आला. 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फसवणुकीतून मुदतीचा फायदा घेता येणार नाही. सरेमध्ये तर एका शेतकऱ्याने पेंढ्याच्या गठ्ठ्यांमागे चक्क किल्ला बांधला होता. 2006 साली गठ्ठे हटवले, 2016 साली किल्ला पाडावा लागला. आणि शेड कोण बघतंय म्हणाल, तर स्लाउच्या कौन्सिलने 2013 साली उष्णता टिपणारे कॅमेरे लावून शहरावरून विमान फिरवलं होतं. ज्या शेडमध्ये माणसं झोपतात ती रात्री गरम दिसते.

दंडाची भीती मी दाखवली म्हणता. दाखवलीच. एन्फोर्समेंट नोटीस (बेकायदा वापर थांबवण्याचा कौन्सिलचा हुकूम) न पाळणं हा गुन्हा आहे, दंडाला वरची मर्यादा नाही आणि प्रोसीड्स ऑफ क्राइम कायद्याखाली कोर्ट त्या गुन्ह्यातून मिळालेलं भाडंही काढून घेऊ शकतं. त्यापुढे अर्जाची फी, 2025 च्या एप्रिलमध्ये एका नव्या घराला 588 पौंड होती, मला फार वाटत नाही. नकाशांचा खर्च लागतो, हे खरं. आणि परमिशन मिळाली तरी बिल्डिंग रेग्युलेशन्सची मंजुरी वेगळी घ्यावी लागते: आग, आवाज, ऊब, सगळं त्यात येतं.

मुलांच्या सोयीबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला सगळ्यात लागलं. मी या देशात आलो तेव्हा पहिले सात महिने पश्चिम लंडनमध्ये अशाच एका शेडमध्ये काढले. वीज मालकाच्या घरातून ओढलेल्या एका एक्स्टेंशनवर. हीटर चालू असताना किटली लावली की सगळं गुल, आणि रात्री दार वाजवायची हिंमत होत नसे. बाहेर पडायचा रस्ता एकच, मालकाच्या स्वयंपाकघरातून. रात्री अकरानंतर त्या दाराला आतून कडी. आग लागली असती तर काय, हा विचार तेव्हा मनातही आला नाही, कारण भाडं परवडत होतं आणि मालक मराठी बोलायचा. त्याला मी वाईट म्हणणार नाही. पण ती सोय होती म्हणून मला सांगू नका.

मेहुण्यांसाठी एक निरोप. सर्टिफिकेट खरोखर हातात असेल तर ते आणि त्यासोबतचा नकाशा जपून ठेवा, घर विकताना वकील पहिलं तेच मागेल. ‘मिळेलच’ एवढ्यावर असेल तर पुरावा त्यांनीच द्यायचा आहे: भाडेकरार, विजेची बिलं, कौन्सिल टॅक्स, बँकेत जमा झालेलं भाडं, सलग चार वर्षांचं. मध्ये काही महिने खोली रिकामी राहिली असेल तर त्यावर प्रश्न येणार. आणि पहिला भाडेकरू नक्की कोणत्या तारखेला आला, एवढं त्यांना विचारून इथे कळवा. 25 एप्रिल 2024 च्या अलीकडे की पलीकडे, यावर माझं पुढचं उत्तर ठरेल.