उन्हाची पंगत

इंदूरला नर्मदा 70 किलोमीटरवरच्या जलूदहून पंपांच्या जोरावर डोंगर चढून येते. तिच्या त्या चढणीपुढे आपले दोन मजले म्हणजे काहीच नाहीत. पण गच्चीवरची टाकी किती भरली हे बघायला ते चढताना नर्मदामाईबद्दलचा आदर दर पायरीला वाढत जातो. म्हणून डोकं लढवायचं: टाकीवर ध्वनिलहरी सोडून पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर, सोबत आकडा पाठवणारा वायफायवाला छोटा संगणक ईएसपी32, एक लिथियम बॅटरी आणि वर तळहाताएवढं 6 व्होल्ट, 1 वॉटचं सोलर पॅनेल. आकडा थेट मोबाइलवर. आणि ऊन तर फुकटच आहे!

हे शेवटचं वाक्य फार महागात पडतं.

सुरुवात सेलपासून. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, महाराणी रोडवर गेलात की “भिया, एकदम ओरिजिनल” म्हणत हातावर 9900 एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलच्या पोटाचं माप) छापलेला 18650 सेल ठेवला जातो. 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब अशा त्या नळकांड्यात नामवंत कंपन्याही साधारण साडेतीन हजारच बसवतात. 9900 हा आकडा क्षमतेचा नव्हे, छापणाऱ्याच्या उत्साहाचा. परीक्षा सोपी आहे: अस्सल सेल 45 ग्रॅमच्या आसपास भरतो, तीसच भरला तर आत माल कमी आहे. इंदूरकरांची सोय अशी की सराफ्यात सोन्याचे काटे आहेत. फक्त दिवसा जावं. रात्री तिथे काटे उचलून खाऊगल्ली भरलेली असते आणि आपण भुट्ट्याचा कीस खाऊन सेल खिशातच घेऊन परततो.

आता चार्जर. लिथियम सेल जेवायला बसतो तो पंगतीत बसल्यासारखा. आधी वाढप्याने एका लयीत वाढत जायचं, म्हणजे करंट कायम ठेवायचा. पोट 4.2 व्होल्टला टेकलं की व्होल्टेज तिथेच धरून हात हळूहळू आखडता घ्यायचा आणि करंट एक दशांशावर आला की पान उचलायचं. ‘अजून एक जिलबी’ असा आग्रह या पाहुण्याला चालत नाही, तो फुगतो आणि प्रसंगी पेट घेतो. हे वाढपीपण करणारा टीपी4056 नावाचा इवलासा बोर्ड चहाच्या दोन-तीन कपांच्या पैशांत मिळतो. घेताना त्यावर संरक्षणाची चिप आहे ना, एवढं बघावं. अशा बोर्डावर ‘आउट’ लिहिलेली वेगळी टोकं असतात आणि ईएसपी32 त्यांनाच जोडायचा. सरळ सेलला जोडलात तर सेल पार खाली जाईपर्यंत मध्ये पडणारं कोणी नसतं.

हा वाढपी मात्र मोठ्या घरच्या लग्नात शिकलेला. कारखान्यातून तो 1 अँपिअर मागायची सवय घेऊन येतो. आपलं पॅनेल भर दुपारी देणार 160 मिलिअँपिअर. मागणी ऐकूनच पॅनेलचं व्होल्टेज कोसळतं, चिप झोपते, व्होल्टेज सावरतं, चिप उठते, पुन्हा मागते. लाल दिवा लुकलुकत राहतो आणि घरच्यांना वाटतं, काहीतरी चाललंय. उपाय: बोर्डावरचा 1.2 किलोओहमचा इवला रेझिस्टर काढून 10 किलोओहमचा लावायचा. मागणी 130 मिलिअँपिअरवर येते आणि दोघांचा संसार सुरू होतो. रेझिस्टर मोहरीएवढा असतो. डाग देताना उडाला तर शोधू नये, दुसरा घ्यावा.

पॅनेल नुसतं उन्हात धरून मल्टिमीटर लावला तर तो सात व्होल्टही दाखवेल. त्यावर विश्वास ठेवणं म्हणजे लग्न जमवताना सांगितलेल्या पगारावर ठेवण्यासारखं आहे. संसाराचा भार पडला की खरा आकडा कळतो. पण म्हणून ‘जास्त बरं’ असं म्हणत 12 व्होल्टचं पॅनेल या बोर्डाला लावू नये. त्याची सहनशक्ती 8 व्होल्टपर्यंत, पुढे धूर. मोठंच पॅनेल हवं तर सीएन3791 चा बोर्ड घ्यावा. तो जादाचं व्होल्टेज उष्णतेत न उडवता करंटमध्ये बदलून देतो. फक्त आपल्या पॅनेलच्या व्होल्टचाच मागून घ्यावा.

इथवर सगळं नीट केलं तरी बॅटरी मरतेच, आणि शिव्या उन्हाला बसतात. खरा खादाड घरातच असतो. ईएसपी32 ची चिप गाढ झोपेत जेमतेम 10 मायक्रोअँपिअर घेते. पण ती ज्या तयार बोर्डावर असते त्यावरचा लाल दिवा, यूएसबीची चिप आणि एएमएस1117 हा व्होल्टेज उतरवून देणारा रेग्युलेटर मिळून 10 मिलिअँपिअर सहज खातात. मालक झोपलाय आणि नोकर पार्टी करताहेत. हिशेब मांडा. दर 15 मिनिटांनी 5 सेकंद जागं होऊन सरासरी 120 मिलिअँपिअर घेतले, तर दिवसाचे होतात 16 एमएएच. नोकरांच्या पार्टीचे 240! त्यातून एएमएस1117 ला वर व्होल्टभर फरक लागतो. सेलच्या 3.7 मधून तो चिपला लागणारे 3.3 काढूच शकत नाही, म्हणून वायफाय सुरू होताच बोर्ड गचके खातो. त्याच्या जागी थोड्या फरकावर भागवणारा एचटी7333, शेजारी 470 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि तयार बोर्डाऐवजी सुटं मॉड्यूल घेतलं की दिवसाचा खर्च 18 एमएएचच्या आत येतो.

हे न करता आषाढात शिरलात तर? उन्हाळ्यात धूळबीळ धरून 300 एमएएच देणारं पॅनेल दाट ढगांत कसंबसं 65 देतं. खर्च 256. रोजची तूट 190. 2500 चा सेल बरोबर तेराव्या दिवशी जातो. पुढचे विधी ज्याने-त्याने ठरवावेत.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून साधारण 25 अंश कलतं ठेवावं, म्हणजे पावसाने धुऊनही निघतं. स्वच्छतेत 2017 पासून वर्षानुवर्षं पहिला नंबर घेणाऱ्या शहराची कबुतरं त्या सर्वेक्षणात धरत नसावेत. पॅनेलच्या आत सौर सेलची माळ असल्याने एका कोपऱ्यावर पडलेली विष्ठा किंवा वाळत घातलेल्या कुरडयांच्या चादरीचं टोक सगळ्या पॅनेलला उपाशी ठेवतं.

मे महिन्याचं वेगळंच. 45 अंशांच्या वर लिथियम-आयन सेल चार्ज करू नये, आणि गच्चीवरचा काळा बंद डबा ते सकाळी दहालाच गाठतो. पांढरा डबा, टाकीची उत्तरेची सावली, वायर खालून आत. ज्याला हेही नको त्याने लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल घ्यावा. तो उकाडा जास्त सोसतो, पण 3.6 व्होल्टलाच तृप्त होतो, त्यामुळे 4.2 पर्यंत वाढणारा आपला जुना वाढपी त्याला चालत नाही. टीपी5000 च्या बोर्डावर दोन्हींची सोय असते. जोडणी बघून घ्यावी.

आणि एवढं जमल्यावर कळतं की पाणी वीसेक सेंटिमीटरच्या आत आलं की तो सेन्सर काहीबाही आकडे सांगतो. म्हणजे टाकी भरत आली की नेमका. तेव्हा त्याला झाकणावर फूटभर पाइप लावून उंच बसवायचा. ते काम होईपर्यंत भिंतीपलीकडून “अहो, तुमची टाकी वाहतेय!” अशी आरोळी येतच असते. तिला चार्जिंग लागत नाही.