हवा गेली की लोकलचे ब्रेक लागतात, जात नाहीत

'रेल्वेतल्या मित्राने सांगितलेलं सत्य' नावाचा एक फॉरवर्ड सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. लोकलचे ब्रेक हवेवर चालतात, नळी फुटली की गाडी थांबतच नाही. पैसे वाचवायला आता प्लास्टिकचे ब्रेक बसवलेत. पावसात नळीत पाणी शिरतं. मेट्रोला डिस्क ब्रेक आहेत म्हणून तीच सुरक्षित. आणि साखळी ओढली तर डबे उलटतात, तेव्हा कोणी पडलं तरी ओढू नका. डोंबिवलीच्या माझ्या मावशीने हे वाचून पुढच्या डब्यात चढणं सोडलं. वर मलाच, "तू ब्रेकच्याच कामात ना रे? मग आधी का नाही बोललास?"

बोलतो. नळी फुटली की ब्रेक गेले, हे जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकन संशोधकाच्या 1869 च्या ब्रेकबद्दल खरं होतं. त्यात हवा भरून ब्रेक लावायचे. काही वर्षांतच त्याने सगळी रचना उलटी केली आणि जग तेव्हापासून तीच वापरतंय. गाडीभर जाणाऱ्या ब्रेक पाइपमध्ये दर चौरस सेंटिमीटरला 5 किलोच्या आसपास दाब असतो आणि डब्यांखाली हवेच्या वेगळ्या टाक्या. पाइपमधला दाब टिकून आहे तोवर ब्रेक सुटलेले. दाब उतरला की वॉल्व्ह सरकतो, टाकीतली हवा सिलिंडरमध्ये जाते, पिस्टन दांडा ढकलतो आणि ब्लॉक, म्हणजे चाकावर घासणारा ठोकळा, चाकाला घट्ट चिकटतो. रोजच्या थांब्यांना मोटरमन विजेने चालणारे ब्रेक वापरतो, पण हे हवेचे ब्रेक मागे तयार असतात. नळी फुटली तर गाडी थांबेल. थांबवायला कोणी नसलं तरी.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य. उभ्या गाडीची टाकी हळूहळू गळून रिकामी झाली तर ब्रेक सुटू शकतात. कॅनडात लाक-मेगांतिकला जुलै 2013 मध्ये तेच झालं. रात्री उभ्या केलेल्या तेलगाडीचं इंजिन बंद झालं, हवा गळाली, हँडब्रेक पुरेसे लावले नव्हते. गाडी उतारावरून गावात शिरली, 47 माणसं गेली. तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाचा अहवाल कोणालाही वाचता येतो. पण ती बिनचालकाची, उतारावर सोडलेली मालगाडी होती. ठाण्याहून सुटलेली 8:12 नव्हे.

'प्लास्टिक' म्हणजे कॉम्पोझिशन ब्लॉक: रेझिन, तंतू, धातूची भुकटी असं दाबून भाजलेलं मिश्रण. बिडाच्या ब्लॉकची पकड वेग वाढला की घटते, याची बरीच स्थिर राहते. खोट एकच, हा उष्णता वाहून नेत नाही, सगळी चाकात जाते आणि चाकाला बारीक तडे जाऊ शकतात. आमची डोकेदुखी तिथे आहे, फॉरवर्डवाल्याला तिचा पत्ताही नाही.

पाऊस? आत 5 किलो दाब असताना बाहेरचं पाणी शिरणार कुठून! रूळ ओले झाले की पकड कमी होते, तेवढं खरं; म्हणून मोटरमन ब्रेक लवकर धरतो. मेट्रोच्या डिस्कचं म्हणाल तर डिस्क असो की ब्लॉक, शेवटी गाडी थांबते ती चाक आणि रूळ यांच्यातल्या पकडीवरच. पुढे.

साखळी मुद्दाम शेवटी ठेवली. बाकीच्या थापांनी फार तर मावशीचा डबा बदलेल, हिने माणूस मरेल. साखळी ओढली की त्याच पाइपातली हवा बाहेर पडते, बस. पूर्ण ब्रेक लागले तरी ताशी 80 वरून थांबायला गाडी 300 मीटरच्या आसपास घेते, म्हणजे बारा डब्यांच्या स्वतःच्या लांबीहून जास्त. रिक्षावाला सिग्नलला याहून जोरात ब्रेक मारतो. चाक अडकलंच तर रुळावर घसरतं आणि एका जागी सपाट होतं. मग ते फिरताना टक-टक-टक वाजतं, तुम्ही ऐकलंही असेल. डबा उलटत नाही. रेल्वे कायदा 1989 चं कलम 141 शिक्षा सांगतं ती सबळ कारणाशिवाय ओढणाऱ्याला, 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दारातून माणूस पडणं हे सबळ कारण आहे.