आधी होस्टेल दाखवा

आज एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या 'कॅम्पस व्हिजिट'मध्ये जे पाहिलं, त्याचा राग अजून उतरलेला नाही. कॉलेजचं नाव लिहीत नाही.

गेटवर गुलाबाचं फूल, मग एसी हॉलमध्ये तासभर पॅकेजचे आकडे. एक काका रात्रभर एसटीने प्रवास करून मुलीला घेऊन आले होते, दाखल्यांची प्लास्टिकची पिशवी मांडीवर. त्यांनी एवढंच विचारलं, "मुलींचं होस्टेल बघायला मिळेल का?" उत्तर आलं, "रंगकाम चालू आहे, फोटो माहितीपत्रकात आहेत." काका "बरं बरं" म्हणत खाली बसले.

बरं काय, काका? पोरगी चार वर्षं त्या एसी हॉलमध्ये राहणार आहे का?

त्यात ती मुलगी ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीतली असेल, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून झाला, तर 2024 च्या निर्णयामुळे तिचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. म्हणजे काकांच्या खिशातून मुख्यतः जाणार ते होस्टेल-मेसचेच पैसे. आणि नेमकं तेच दाखवायचं नाही!

मुळात कॉलेज बोलावतं त्या दिवशी जाऊच नका. जूनमध्ये तर नाहीच, तेव्हा मुलं परीक्षेत नाहीतर घरी. पोर अकरावीत असताना जानेवारी-फेब्रुवारीत, साध्या मंगळवारी-बुधवारी अकराच्या सुमारास जा. वर्कशॉपमध्ये लेथखालच्या ट्रेमध्ये ताजा कीस दिसला की समजा मशीन चालतं. चकवर, म्हणजे काम पकडणाऱ्या जबड्यावर, गंज असेल तर ते फक्त तपासणीपुरतं पुसतात. आज दाखवलेल्या लॅबमध्ये ऑसिलोस्कोपच्या स्क्रीनवरचं कारखान्यातलं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं, आणि त्याच्यासमोर उभं करून पोरांचे फोटो काढत होते. प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये किती मुलं आणि एका सेटअपवर किती, हे लॅब असिस्टंटला विचारा. तो खरं सांगतो.

गेटवरची नॅकची, म्हणजे दर्जाच्या मानांकनाची, पाटी अख्ख्या संस्थेची असते. एनबीए हे दुसरं मानांकन मात्र ब्रँचनिहाय मिळतं, म्हणून तुमच्या ब्रँचला आहे का आणि कुठल्या वर्षापर्यंत, ते विचारा. सर्वांत मोठं पॅकेज एका पोराचं असतं, ते सोडा. या ब्रँचचे किती जण पात्र होते, किती लागले आणि मधला पगार किती, एवढं लेखी मागा.

लांबून येणाऱ्याला दोन खेपा परवडत नाहीत, मान्य. प्रवेश शेवटी पर्सेंटाइलवर होतो, तेही मान्य. पण ऑप्शन फॉर्ममधला, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीयादीतला, क्रम तुमच्याच हातात असतो. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला की तो आपोआप फ्रीज, म्हणजे पक्का होतो, 2025 पासून दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतलाही. न पाहिलेलं कॉलेज वर टाकलं आणि तेच लागलं, तर कॅपच्या पुढच्या फेऱ्या तुमच्यासाठी संपल्या.

एकच खेप जमत असेल तर संध्याकाळपर्यंत थांबा. मेसमध्ये पैसे भरून जेवा. शेवटची बस किती वाजता सुटते ते बघा. मुलींच्या होस्टेलमध्ये बाबांना आत सोडत नाहीत, ते योग्यच आहे, म्हणून आईला किंवा मावशीला सोबत न्या. नळ उघडा, बाथरूमच्या कड्या लावून बघा, एका मजल्यावर किती जणींत किती संडास ते मोजा. रेक्टर रात्री तिथेच राहतात का, हे रेक्टरना नाही, मुलींना विचारा.

फुलं वाटणाऱ्या पोरांवर राग नाही. त्यांना सांगितलं तेच ती करत होती, भर उन्हात, बिचारी.

निघताना काका गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर दिसले. मुलगी शेजारी उभ्या असलेल्या थर्ड इयरच्या दोघींशी बोलत होती. "पाणी सकाळी अर्धा तास येतं, बादली आदल्या रात्रीच भरून ठेवायची," त्यातली एक म्हणाली. मुलीने माहितीपत्रक उलटं केलं, होस्टेलच्या फोटोच्या मागच्या कोऱ्या बाजूला ते लिहून घेतलं आणि विचारलं, "आणि मेस?"