‘जोड मूळ धातूपेक्षा मजबूत’, मग शाफ्ट मोडतो कुठे?

मशीन दुरुस्तीच्या नावाखाली एक सल्ला फार फिरतो आहे. थोडक्यात असा: मोडलेला किंवा झिजलेला शाफ्ट (मशीनचा फिरता दांडा) भंगारात घालू नका. वेल्डिंगचा जोड मूळ धातूपेक्षा मजबूत असतो. भारीतला वेल्डिंग रॉड घ्या, भरून काढा, लेथवर टर्निंग करा, वर हार्ड क्रोम (क्रोमियमचा कडक मुलामा) मारा. नव्याच्या दुप्पट ताकद मिळते. आणखी कडक हवा असेल तर लाल करून पाण्यात बुडवा. यातलं जवळपास प्रत्येक वाक्य कुठेतरी खरं आहे, म्हणून तर ते खपतं.

आधी जोडाचं बळ. साध्या माइल्ड स्टीलवर दावा बरोबर आहे. ६०१३ या वेल्डिंग रॉडचा उतरलेला धातू किमान ४३० मेगापास्कल ताणापर्यंत तुटत नाही. साध्या स्ट्रक्चरल पट्टीकडून ४१० ची अपेक्षा असते. पट्टी ओढली की ती जोड सोडून बाजूला तुटते, आणि नेमकं तेवढंच दाखवलं जातं. पण शाफ्टला कोणी ओढत नाही, तो फिरतो. बोजा घेऊन फिरताना त्याच्या अंगावरचा प्रत्येक बिंदू एका फेऱ्यात एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. १,४४० आरपीएमला एका दिवसात हे वीस लाखांहून जास्त वेळा होतं.

हा आकडा लक्षात ठेवा. आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेच्या शिफारशींत थकव्याचे वर्ग, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा किती ताण सोसवतो त्याच्या पायऱ्या, वीस लाख आवर्तनांवरच ठरलेले आहेत. बिनजोडाच्या रोल केलेल्या पोलादाला १६० मेगापास्कल, नीट केलेल्या बट (टोकाला टोक) जोडाला ९०, भार वाहणाऱ्या फिलेटच्या (कोपऱ्यात भरलेल्या वेल्डच्या) कडेला ६३. पोलाद साधं असो की महागडं, जोडाचा वर्ग बदलत नाही. कारण दोष धातूच्या बळात नसतोच. जिथे वेल्ड संपून मूळ धातू सुरू होतो त्या कडेवर बारीक खाच राहते, आणि गार होताना आकसलेला वेल्ड तिथे कायमचा ताण ठेवून जातो.

असा मोडलेला शाफ्ट हातात घेऊन बघा. एका कडेला ठिपक्याएवढी जागा, तिच्याभोवती शिंपल्यावर असतात तशा वक्र रेषा, आणि शेवटी खडबडीत, चमकदार भाग. रेषा म्हणजे हळूहळू सरकलेला तडा. खडबडीत भाग म्हणजे उरलेला धातू एका झटक्यात गेला ती जागा. ठिपका कुठे आहे ते पाहा. बहुतेक वेळा तो वेल्डच्या अगदी शेजारी सापडतो. म्हणजे जोड शाबूत आणि शाफ्ट दोन तुकड्यांत.

‘छोटा टाका मारला तर काय बिघडतं’ म्हणणाऱ्यांसाठी अलेक्झांडर कीलँडचं उदाहरण. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रातला हा तरंगता निवासी तळ उलटला आणि १२३ माणसं गेली. तडा सुरू झाला होता तो एका आडव्या नळीवर हायड्रोफोनचा (पाण्याखालचा आवाज टिपणाऱ्या यंत्राचा) आधार बसवायला मारलेल्या ६ मिमीच्या फिलेटपासून. भार वाहण्याशी त्या वेल्डचा काही संबंध नव्हता.

आता ‘भारीतला रॉड’. शाफ्ट बहुधा ईएन-८ (मध्यम कार्बनचं पोलाद) किंवा ईएन-२४ (निकेल-क्रोमियमचं मिश्र पोलाद) चा असतो, आणि तिथे रॉडआधी कार्बन बघावा लागतो. कार्बन तुल्यांक (कार्बन आणि इतर मिश्रधातूंचा कडक करणारा परिणाम एका आकड्यात) ०.४ च्या आत असेल तर काम सोपं. ईएन-८ चा साधारण ०.५ च्या आसपास, ईएन-२४ चा ०.९ च्या घरात जातो. अशा धातूवर थंड अवस्थेत रॉड टेकवला की वेल्डशेजारची पट्टी झटकन गार होऊन काचेसारखी ठिसूळ बनते. त्यात रॉडच्या ओलाव्यातून हायड्रोजन शिरला की तडा ठरलेला, आणि तोही कधी दोन दिवसांनी. तोवर रंग मारून शाफ्ट बसवलेलाही असतो! ७०१८ हा लो हायड्रोजन (कमी हायड्रोजन सोडणारा) रॉड खरा, पण ओव्हनमध्ये कोरडा ठेवला तरच. महिनाभर उघड्या पुड्यात पडलेला ७०१८ नावापुरताच उरतो. ईएन-२४ ला तर अडीचशे-तीनशे अंशांचं प्रीहीट (वेल्डआधी तापवणं) टाळून चालत नाही.

हार्ड क्रोमबद्दलचा गैरसमज मला सगळ्यात जास्त खटकतो. क्रोम कडक असतोच, कडकपणाच्या मापात ८०० ते १,००० विकर्स. झिजेला तो उत्तम. पण ४० मिमीच्या शाफ्टवर ५० मायक्रॉनचा थर म्हणजे व्यास ४०.१ मिमी. वाकण्याचं बळ व्यासाच्या घनाने वाढतं, म्हणून क्रोमला अखंड पोलाद धरलं तरी फायदा एक टक्क्याहून कमी! प्रत्यक्षात तो थर सूक्ष्म तड्यांनी भरलेला आणि ताणात असतो, त्यामुळे शाफ्टचं थकवा सोसण्याचं बळ उलट घटतं. प्लेटिंगमध्ये हायड्रोजनही शिरतो. उच्च बळाच्या पोलादाला प्लेटिंगनंतर काही तासांतच सुमारे १९० अंशांवर बराच वेळ भाजतात ते त्यासाठी. हे भाजणं केलंत का, एवढं विचारलं तरी समोरच्याचं काम कळतं.

पृष्ठभागावरच्या प्रक्रियेने बळ वाढतच नाही असंही नाही. नायट्रायडिंग (पृष्ठभागात नायट्रोजन मुरवणं), कार्बुरायझिंग (कार्बन मुरवणं), शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा) यांनी वरचा थर दाबात जातो आणि तडा उघडायला धजत नाही. तिथे थकव्याचं आयुष्य खरोखर वाढतं. क्रोमच्या आधी शॉट पीनिंग करण्यामागेही हाच हिशोब. बेअरिंगची बैठक नुसती झिजली असेल, मोडतोड नसेल, तर एचव्हीओएफ फवारणी (वेगवान ज्वालेतून पावडर फवारून थर चढवणं) किंवा स्लीव्ह (वरून चढवायची नळी) बसवणं मी वेल्डिंगच्या भरणीपेक्षा कधीही पसंत करीन. शाफ्ट फारसा तापत नाही आणि वाकतही नाही.

राहिलं लाल करून पाण्यात बुडवणं. माइल्ड स्टीलमध्ये कार्बन ०.२ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे ते फारसं कडक होत नाही. ईएन-८ होतं, पण टेंपरिंग (बुडवल्यानंतर पुन्हा मध्यम तापवणं) न करता तसंच वापरलं तर ठिसूळ, आणि पाण्यात बऱ्याचदा तडकतंसुद्धा. वेल्ड केलेल्या गरम शाफ्टवर पाणी ओतणं म्हणजे प्रीहीट करून टाळलेला ठिसूळपणा हाताने परत आणणं. जाणता वेल्डर उलट करतो: वेल्डचा शेवटचा रन (थर) संपताच शाफ्ट कोरड्या चुन्यात पुरतो आणि तो पूर्ण निवेपर्यंत कोणाला हात लावू देत नाही.